चहाला उठणारी पुढची रांग

आमच्या अंबरनाथच्या संगीत सभेत कलाकाराची हुर्यो उडवायची पद्धत नाही. कुणी शिट्ट्या मारत नाही, कुणी 'पुरे' म्हणून ओरडत नाही. सगळे श्रोते निवृत्त, सुशिक्षित आणि गुडघ्यांनी अधू. त्यांची नापसंती दाखवायची रीत निराळीच आहे. वाजवणं रुचलं नाही की पुढच्या रांगेतला एक जण चष्मा काढतो, पुसतो, डबीत ठेवतो, डबीचं झाकण टक्कन लावतो आणि शेजाऱ्याच्या कानाशी म्हणतो, "जरा चहा घेऊन येतो." बाहेर व्हरांड्यात चहाचा भला मोठा थर्मास सभा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत भरलेला असतो. एक उठला की त्याला सोबत म्हणून दुसरा उठतो, दुसऱ्याला साखर चालत नाही हे सांगायला तिसरा उठतो. वाजवणारा बिचारा डोळे मिटून आलापात रंगलेला असतो. डोळे उघडतो तेव्हा समोर नुसत्या खुर्च्या.

दुसऱ्या दिवशी भाजी घेताना कुणी विचारलं की "कालचा सतारवाला कसा होता हो?", तर उत्तर येतं, "बरा होता. दोनच चहा झाले."

ही सभा चालवतात आमच्या व्हायोलिनच्या बाई. सत्तरी ओलांडलेल्या, उंचीने माझ्या खांद्यालाही न लागणाऱ्या, आणि तरी त्यांच्याशी बोलताना आपण खालून वर बघतोय असं वाटायला लावणाऱ्या. माझी मुलगी तिसरीत असल्यापासून त्यांच्याकडे शिकते. मीही शिकलो, वर्षभर. मुलीला बदलापूरहून, कात्रपमधल्या आमच्या घरून, स्कूटरवर घेऊन यायचं आणि तासभर व्हरांड्यात बसून राहायचं, त्यापेक्षा आपणही हात मारावा असं वाटलं. एका रविवारी बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळेपासून तुम्ही मुलीला फक्त सोडायला या."

मी म्हटलं, "आणि माझा क्लास?"

"त्याबद्दलच बोलतेय," बाई म्हणाल्या.

मुलगी मात्र टिकली. आता ती ठाण्याला नोकरी करते आणि रविवारी सकाळी बाईंच्या वर्गातल्या लहान मुलांना शिकवते. बाईंचे हात आता फार वेळ वर राहत नाहीत, म्हणून अर्धा वर्ग तिच्याच अंगावर असतो.

तर एका संध्याकाळी मी घरी येऊन मोजे काढतोय आणि आतल्या खोलीतून एक सूर आला. संथ, ओला, जरा रडवेला. मी मोजा हातात धरून तसाच उभा राहिलो. ही चाल माझ्या ओळखीची होती आणि कुठली ते आठवत नव्हतं. मग डोक्यात बत्ती पेटली. अरे, हे तर आमच्या कॉलेजातलं गाणं! एक इंग्रजी बँड होता, त्यातला गायक सुरुवातीला कुजबुजायचा आणि शेवटी शेवटी कुणीतरी त्याच्या पायावर कपाट पाडल्यासारखा किंचाळायचा. मधे गिटार असं गुरगुरायचं की कॅसेट अडकली असं वाटावं. त्या गाण्यापायी मी खांद्यापर्यंत केस वाढवले होते, उल्हासनगरात जाऊन गुडघ्यावर फाटलेली जीन्स घेतली होती आणि ती घालून घरी आल्यावर आईने रात्रीतून तिला दोन्ही गुडघ्यांवर ठिगळं लावून दिली होती. फुलाफुलांची.

तेच गाणं माझी मुलगी व्हायोलिनवर वाजवत होती, आणि तिची मैत्रीण चेलोवर. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून गुडघ्यांच्या मधे धरायचा. आवाज गळ्यातून नाही, पोटातून येतो. ही मैत्रीण उल्हासनगर कॅम्प एकची, सिंधी. रिक्षात ती पुढे ड्रायव्हरच्या बाजूला कोंबून बसते आणि चेलो मागे ऐसपैस.

मी दारात जाऊन डोकं हलवायला लागलो. कॉलेजात हलवायचो तसं. तिसऱ्या झटक्याला मान अडकली.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही, चालू द्या. जबरदस्त!" मी भिंतीकडे बघत म्हटलं, कारण मान तिकडेच राहिली होती.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे तेच ना, लग्नानंतर तुम्ही लावायचात आणि शेजारचे दार वाजवायचे? इतकं छान होतं होय ते?" रात्री वरच्या मजल्यावरच्या वहिनी पेढे मागायला आल्या. त्यांना वाटलं मुलीचं लग्न ठरलं, म्हणून घरात सनईची तालीम चालली आहे.

असे एकेकाचे एकेक अनुभव. मैत्रिणीच्या घरी तालीम असली की मी सोडायला जायचो. तिथे गेल्या गेल्या पाणी आणि पापड समोर येतो, सिंधी घरात तो चुकत नाही. तिचे वडील कापडाचे व्यापारी, फार उमदा माणूस. संपूर्ण गाणं त्यांनी हात जोडून, डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर डोळे उघडले आणि मला विचारलं, "बहुत बढिया, भाईसाहब. गाना कब शुरू होगा?"

मी म्हटलं, "यही गाना था."

"नहीं, ये तो म्युझिक था. गायेगा कौन?"

मी काही उत्तर द्यायच्या आत पोरींनी पुन्हा हळवा भाग सुरू केला, आणि नेमका तेव्हाच मी पापड मोडला. त्या घरात इतकी शांतता पसरली होती की तो आवाज फटाक्यासारखा झाला. मुलीने वाजवता वाजवताच माझ्याकडे जे बघितलं, ते बघणं तिच्या आईकडून आलं आहे.

मग पोरींनी बारवी धरणाच्या बाजूला एका भातखाचराच्या बांधावर बसून व्हिडिओ काढला. मी चेलो उचलायला गेलो होतो. शेतात एक बाई निंदणी करत होत्या, त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कुनाचं लगीन हाय का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मंग इतका जीव का काढते पोर?" तेवढ्यात चेलोने ते गुरगुरणं सुरू केलं आणि पलीकडची म्हैस बांधाजवळ येऊन थांबली. गाणं संपेपर्यंत हलली नाही. "तिला वाटलं रेडकू हाय," बाई म्हणाल्या. मी घरी मात्र सगळ्यांना सांगितलं की श्रोता जागचा हलला नाही.

तो व्हिडिओ यूट्यूबवर चढला आणि दोन दिवस त्याच्याखाली कुणी काही लिहीना. बापाचं काळीज. मी मोबाइल काढला आणि एका त्रयस्थ रसिकाच्या भाषेत लिहिलं : 'कोण ही गुणी मुलगी? वादनात आईवडिलांचे, विशेषतः वडिलांचे, संस्कार जाणवतात.' लिहून अगदी समाधानाने झोपलो. सकाळी माझ्या कमेंटखाली मुलीच्या मैत्रिणींची रांग लागली होती : 'काका, नमस्कार!' 'काका, ती तुमचीच मुलगी!' माझ्या नावाशेजारच्या गोल फोटोत मी आणि मुलगी, तिच्या पदवीदान समारंभात, गळ्यात गळा घालून उभे होतो, हे मी विसरलो होतो.

त्या दिवसापासून घरात नियम झाला, की मुलीच्या संगीतात मी काही करायचं नाही. काहीच नाही.

आणि मग खरी गोष्ट आली. बाईंच्या वर्गातली मुलं गळायला लागली होती. कुणी कीबोर्डला गेलं, कुणी फुटबॉलला. मुलीला वाटत होतं की रागांच्या पलट्यांबरोबर मुलांना अशी एकदोन गाणी दिली तर ती टिकतील. एका रविवारी तिने बाईंना विचारलं. मी दारात चपला घालत होतो, म्हणजे आधीच घातलेल्या चपला पुन्हा घालत होतो.

"रॉक म्हणजे ते गिटार आपटतात ते?" बाईंनी विचारलं.

"हो बाई. पण आम्ही आपटत नाही."

"चेलो आपटायला परवडणारही नाही. बरं."

"ऐकवू तुम्हाला?"

"मला नको. तू काहीही वाजवलंस तरी मला तुझी बोटंच दिसणार, अठरा वर्षं तीच बघतेय. माझ्या पुढच्या रांगेला ऐकव. येत्या सभेत वाजव. त्यांच्यातला एकही जण चहाला उठला नाही, तर मुलांना खुशाल शिकव. उठला, तर माझ्या वर्गात ते वाजायचं नाही. बाहेर तू मोकळी आहेस."

शेवटचं वाक्य बाई साधेपणाने बोलल्या, पण स्कूटरवर मागे बसलेल्या मुलीने ते घरापर्यंत चघळलं. जिना चढताना म्हणाली, "बाबा, बाहेर मला उद्या क्लास काढता येईल. दहा मुलं मिळतील. पण बाईंना सोडून नाही काढायचा मला. आणि हे सोडूनही नाही जमायचं."

मी म्हटलं, "होईल गं सगळं."

"तुम्ही काही करणार नाही आहात. कबूल?"

"मी काय करणार?"

"तेच. कबूल म्हणा."

मी कबूल म्हटलं. म्हणताना खरोखरच काही करायचा विचार नव्हता. तो नंतर, आंघोळ करताना आला.

अडचण अशी होती की पुढच्या रांगेचे अध्वर्यू म्हणजे आमच्याच कंपनीतले माझे जुने साहेब. अंबरनाथच्या कारखान्यात मी त्यांच्या हाताखाली उमेदीची सगळी वर्षं काढली. साहेब खाकरले तरी मी खुर्चीतून उठायचो. चष्म्याच्या डबीचं ते पहिलं टक्क त्यांचंच असतं. तो माणूस रॉक ऐकून बसून राहील, यावर माझा विश्वास नव्हता. पण मागून जोरदार दाद आली तर? समोरचा माणूस उठायच्या आधी निदान विचार करेल, की एवढ्या लोकांना कळतंय आणि आपल्यालाच कळत नाही की काय.

दाद द्यायला माणसं हवी होती. मी आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाकडे गेलो. त्यांचा माईक बिघडला की मीच तो दुरुस्त करतो, म्हणजे हलवून बघतो, त्यामुळे शब्द टाकायला जागा होती. मंडळाचे बुवा म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, फार सरळ माणूस.

"दाद द्यायची म्हणजे काय करायचं?" बुवांनी विचारलं.

"मधे मधे वा वा म्हणायचं."

"कधी?"

"आवडलं की."

"आणि नाही आवडलं तर?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. शेवटी खूण ठरली. मी कडेला बसेन. खिशातला पांढरा रुमाल काढून कपाळाला लावला, की सगळ्यांनी म्हणायचं 'वा'. गाल पुसले की 'क्या बात है'. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तालीम झाली. मी रुमाल लावला आणि सहाच्या सहा जणांनी एका दमात, एका पट्टीत, हात वर करून म्हटलं, "वाऽऽऽ!"

"असं नको हो. जरा विस्कळीत म्हणा. कुणी आधी, कुणी नंतर."

बुवा दुखावले. "विस्कळीत कसं म्हणायचं? इतकी वर्षं एकत्र म्हणतोय आम्ही."

"बरं, राहू द्या. हळू म्हणा."

"हळूला भाव येत नाही," मंडळातले दुसरे एक जण म्हणाले.

सभेच्या दिवशी ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. हॉल भरला. पुढच्या रांगेत साहेब आणि त्यांचे सात-आठ सवंगडी, मधे बाकीचे, सर्वांत मागे टोप्या घातलेलं माझं भजनी मंडळ, एका ओळीत, मांडीवर पिशव्या घेऊन. मी उजव्या कडेला, मंडळाला आणि मंचाला दोघांनाही दिसेन असा. माझ्या शेजारी चेलोवाल्या मुलीचे वडील येऊन बसले. नवा शर्ट घालून, अत्तर लावून आले होते. हळूच म्हणाले, "आज तो गायेगा ना कोई?"

सुरुवातीला वर्गातल्या मुलांनी भूप वाजवला. भूप झाला आणि बाई उठून म्हणाल्या, "आता व्हायोलिन आणि चेलो. पंखे बंद करा."

हा बाईंचा जुना नियम. पंख्यांची घरघर माईकमध्ये येते. मला तो नियम चांगला माहीत होता. खूण ठरवताना तेवढा आठवला नाही.

मुलीने व्हायोलिनचा गज उचलला. त्या कुजबुजत्या सुरावटीने गाणं सुरू झालं आणि इकडे माझ्या कपाळावर पहिला थेंब आला. दुसरा आला. तिसरा भुवईतून डोळ्यात उतरला, झोंबला, आणि माझा हात, माझ्या डोक्याला काहीही न विचारता, खिशात गेला. रुमाल कपाळाला लागला.

"वाऽऽऽ!"

अजून धड दोन सूरही झाले नव्हते. अख्खा हॉल मागे वळला. दचकून मी गालही पुसले.

"क्या बाऽऽत है!"

पुढच्या रांगेतल्या साहेबांनी मान वळवून आधी मंडळाकडे पाहिलं, मग सावकाश चष्मा काढला. चष्मा पुसला. डबी काढली. डबी उघडली. मंचावर मुलीलाही ते दिसत होतं. मी रुमाल बोळा करून मांडीखाली दाबला आणि त्यावर बसलो.

साहेब उघडी डबी हातात धरून बसून राहिले. कारण आता चेलो सुरू झाला होता. ते गिटारचं गुरगुरणं त्या मुलीने गज तारेवर दाबून दाबून असं काढलं की खुर्चीच्या पायांतून ते आपल्या पायांत यावं. साहेबांशेजारच्या गृहस्थांनी सवयीने मांडीवर ताल धरला, समेवर थाप मारायला गेले आणि हुकले. इकडेतिकडे बघून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा हुकले. तिसऱ्यांदा सम सापडली तेव्हा ते एवढे खूश झाले की त्यांनी शेजाऱ्याच्याही मांडीवर थाप मारली. एक आजी कपाळाला आठ्या घालून, हनुवटी पुढे काढून ऐकत होत्या. भांडण ऐकतात तशा. कुणी उठलं नव्हतं. माझ्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता, शर्ट पाठीला चिकटला होता, पण मी हात दोन्ही मांड्यांखाली घालून बसलो होतो.

आता त्या गाण्यात एक जागा आहे. वाढत वाढत सगळं शिगेला जातं आणि एकदम थांबतं. पूर्ण शांतता. मग किंचाळी. मूळ गाण्यात तिथे गायक श्वास घेतो, आणि आम्ही कॉलेजातले सगळेच घ्यायचो. पोरींनी तिथे दोन्ही गज हवेत वर धरले. हॉलमध्ये पाल चुकचुकली असती तर ऐकू आली असती.

आणि शेजारच्या भल्या माणसाला माझी दया आली. "अरे भाईसाहब, कितना पसीना," असं पुटपुटत त्यांनी खिशातून आपला रुमाल काढला. घडीचा, अत्तराचा, पांढराशुभ्र. आणि मायेने माझं कपाळ पुसलं. मग गाल. मग पुन्हा कपाळ.

"वाऽऽऽ! क्या बाऽऽत है! वाऽऽऽ!"

सहा माणसं, एका पट्टीत, हात वर करून. बुवा तर भरात उभेच राहिले.

साहेब उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि मला वाटलं, संपलं. मुलीचा गज हवेत तसाच, चेलोचाही तसाच, आणि दोघींचे डोळे साहेबांवर. हातातली डबी बंद झाली. टक्क. साहेब वळले. दाराकडे नाही. मागच्या बाजूला वळले, आणि कारखान्यात बॉयलरच्या आवाजावर चढणारा तो जुना आवाज मला कित्येक वर्षांनी पुन्हा ऐकू आला.

"अहो, गप्प बसा ना जरा! पुढे काय होतंय ते ऐकू द्या!"

मी सवयीने उठून उभा राहिलो. बुवा बसले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, "तुम्हीसुद्धा बसा," म्हणाले, आणि मी बसलो. मग ते बसले. एवढं सगळं होईपर्यंत ती शांतता तशीच टांगलेली. मुलीने गज खाली घेतला नव्हता. साहेब नीट टेकले, सगळा हॉल टेकला, आता कुणाच्याच छातीत श्वास उरला नाही असं झालं, तेव्हा दोघींचे गज एकदम खाली आले.

पुढचं मी काय सांगू? कॉलेजात मी ते गाणं शंभरदा किंचाळलो असेन. त्यात इतकं काही आहे हे मला माहीत नव्हतं.

संपल्यावर टाळ्या वाजल्या, भरपूर. भजनी मंडळ तेवढं हात मांडीवर ठेवून गप्प बसलं होतं, कारण टाळ्यांची खूण ठरली नव्हती. मगाच्या आजी म्हणाल्या, "मला नाही आवडलं बाई. काहीतरी अंगावर येतं. पण ते मोठं वाजतं ना पोटातून, ते पुन्हा एकदा वाजवून दाखव गं." माझ्या शेजारी बसलेल्या चेलोवालीच्या वडिलांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "अब समझा. किसी ने गाया होता तो खराब हो जाता."

पण मुलीचं लक्ष कुणाकडेच नव्हतं. ती बाईंकडे बघत होती. बाई मंचाच्या कडेला हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"मागच्या मंडळींची दाद मी धरलेली नाही," बाई म्हणाल्या. असं म्हणताना त्या मागे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मग पुढच्या रांगेकडे वळल्या. "पण साहेब, तुम्ही उठलात."

मला घाम पुसायचीही हिंमत होईना. मी कबूल म्हटलं होतं, काही करणार नाही म्हटलं होतं, आणि अठरा वर्षं एका दारातून आत-बाहेर करणाऱ्या माझ्या पोरीला मीच त्या दाराबाहेर काढलं होतं. तिने व्हायोलिन खाली केलं. चेहरा असा, की मी उठून सगळं सांगून टाकणार होतो, रुमालासकट.

"उठलो," साहेब म्हणाले. "चहाला नाही उठलो. ओरडायला उठलो."

"आमच्यात ठरलं होतं, कुणी उठता कामा नये."

"अहो बाई, तुम्ही मला किती वर्षं ओळखता? मी कुणाचं वाजवणं ऐकण्यासाठी कधी भांडलोय का? मुकाट्याने चहा पितो. आज भांडलो." साहेबांनी डबीतून चष्मा काढून पुन्हा नाकावर चढवला. "आणि खरं सांगायचं तर मला चहा हवा होता. मुलांच्या भूपापासून हवा होता. जाता आलं नाही."

पुढच्या रांगेतून "मलाही", "मलाही" असे दोन-तीन आवाज आले.

बाईंनी हाताची घडी सोडली. मग मुलीला म्हणाल्या, "ते मधे थांबलीस, तिथे किती थांबायचं ठरलं होतं?"

मुलगी अडखळली. "अगदी थोडं, बाई. नुसता एक श्वास. आज... आज ते लांबलं."

"तेवढंच ठेव," बाई म्हणाल्या. "मुलांना शिकवशील तेव्हाही तेवढंच शिकव. आधी कमी शिकवलंस तर नंतर त्यांच्याच्याने वाढवलं जाणार नाही. पंखे लावा रे."

पंखे सुरू झाले आणि पुढची अख्खी रांग खुर्च्या सरकवत चहाला धावली.

मुलगी मंचावर तशीच उभी होती. बाईंनी तिच्या हातातून व्हायोलिन काढून घेतलं, पेटीत ठेवलं, आणि मग तिच्या पाठीवर हात फिरवला. मी पुढे जावं की नाही याचा विचार करत होतो तेवढ्यात बुवा आले. "आमचं कसं झालं?" त्यांनी विचारलं. "ते शेवटचं जरा जास्त चढलं का? तुम्ही तीनदा पुसलंत, म्हणून आम्ही तीनदा म्हटलं."

"छान झालं, बुवा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

परतीच्या वाटेवर मुलगी स्कूटरवर मागे गप्प बसली होती. अंबरनाथ मागे पडलं, बदलापूर आलं, कात्रपच्या चढाला गाडी लागली तरी बोलेना. शेवटी मीच म्हटलं, "पुढच्या वेळी मी येत नाही. घरीच बसेन."

"या की," ती म्हणाली. मग जरा वेळाने, माझ्या पाठीवर डोकं टेकून, हसू दाबत म्हणाली, "पण एकटे या."